गोधडी : ठेवणीतली आणि पांघरणातली

मराठी घरांत वस्तूंचे दोन वर्ग फार पूर्वीपासून चालत आलेले आहेत : एक रोजच्या वापरातल्या वस्तूंचा आणि दुसरा ठेवणीतल्या वस्तूंचा. लुगडी ठेवणीतली असतात, पितळेची मोठी पातेली ठेवणीतली असतात, काही माणसांचा पाहुण्यांपुढचा आवाज आणि काही माणसांच्या शिव्यासुद्धा ठेवणीतल्या असतात. गोधडीची गणना मात्र आमच्या लहानपणी कोणी या दुसऱ्या वर्गात केलेली आम्हांस आठवत नाही. पाहुण्यांसाठी एखादी धुतलेली, बऱ्यापैकी गोधडी फडताळात वेगळी असे, इतकेच. पण पाहुणा आला की तीही अंथरली जाई. अलीकडे हा क्रम बदललेला दिसतो. आईची, आजीची म्हणून गोधडी पेटीत जाते, क्वचित भिंतीवर चढते, आणि अंगावर मात्र पानिपतकडच्या गिरणीतले गुबगुबीत ब्लँकेट येते. गोधडीला ही बढती मिळाली असे पुष्कळांस वाटते. शासकीय सेवेत आयुष्य घालवल्यामुळे आम्हांस शंका येते ती अशी, की ही बढती नसून सन्मानपूर्वक दिलेली सेवानिवृत्ती तर नव्हे?

हा प्रश्न आमच्या मनात नव्याने उभा राहिला तो गेल्या पौषात पांढुर्ण्यास झालेल्या आपल्या मंडळाच्या बैठकीत. एका सभासद भगिनींनी अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांच्या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरीडे यूज’ या कथेचा परिचय मराठीतून करून दिला. कथेचे नावच ‘रोजचा वापर’ असे आहे आणि तिचा सारा तंटा दोन गोधड्यांवरून आहे, हे कळल्यावर एरवी आठ वाजता संपणारी बैठक दहापर्यंत लांबली. एका बाजूचे म्हणणे, गोधडी वापरण्यासाठीच असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, वापरून तिच्या चिंध्या झाल्यावर पुढच्या पिढीस काय दाखवणार? आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. आमच्या गप्प राहण्यास एक कारण होते, ते पुढे येईल. त्या बैठकीत जे बोलावयाचे राहून गेले ते येथे मांडतो.

आधी गोधडी म्हणजे काय, हे थोडे पाहू. आपणांपैकी पुष्कळांना ते ठाऊक आहे, परंतु ज्याविषयी निवाडा करावयाचा ती वस्तू समोर असलेली बरी. आपल्या बोलीत तिला ‘वाकय’ म्हणतात. ग्रंथात ती ‘वाकळ’ होते. वर एक लुगडे, खाली एक लुगडे आणि मध्ये जुनी धोतरे, सदरे, फाटक्या चादरी, असे तिचे थर. प्रथम चारी बाजू कच्च्या टाक्यांनी बांधून घेतात. मग काठापासून आत, चौकोनात चौकोन घालीत, धावदोऱ्याच्या ओळी मध्यापर्यंत जातात. चार बायका चार बाजूंनी बसू शकतात, आणि म्हणून काम चालू असता गप्पा थांबण्याचे कारण नसते. कपाशीची वेचणी आटोपली, शेतातली गडबड सरली, की फाल्गुन-चैत्रात ओसरीवर हे काम निघे. दृष्टी अधू झालेल्या आजीला सुईत दोरा ओवून देणे हे आम्हां पोरांचे काम होते. ओवताना दोऱ्याचे टोक थुंकीने ओले केले म्हणून ओरडा खाल्लेली माणसे आजही आपल्या मंडळात पाच-पंचवीस तरी निघतील.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गोधडी जन्मतःच जुनी असते. तिच्यात जे कापड येते त्याने आपले एक आयुष्य आधीच संपवलेले असते. सौसर-लोधीखेड्याच्या मागांवरचे लुगडे असो, की १८७७ साली नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या कापडाचा सदरा असो, तो अंगावर विरल्यावरच गोधडीत शिरतो. नवे सुती कापड ताठ असते, शेकडो वेळा धुतलेले सुती कापड मऊ असते, आणि मऊपणासाठीच ते घेतात. अशा वस्तूला ‘जुनी म्हणून जपा’ असे सांगणे म्हणजे तिचा धर्मच उलटा करणे होय. दुसरी गोष्ट अशी, की गोधडी विरली म्हणजे टाकून देत नसत. तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा टाके घालीत. जुनी गोधडी नव्या गोधडीचे पोट होई. एकाच गोधडीत तीन पिढ्यांचे कापड सापडते ते असे. तात्पर्य, टिकवणे आणि वापरणे या दोन गोष्टी आपल्या आज्या-पणज्यांच्या लेखी परस्परविरुद्ध नव्हत्या. दुरुस्ती हाच त्यांचा जतन करण्याचा मार्ग होता.

आपल्या परिसरात गोधडीला मान नव्हता असेही नव्हे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगावी जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे. पण त्या वस्त्राचा मान ते अंगावर असण्यात होता. गोधडीला मान आहे आणि म्हणून ती रोज अंगावर आहे, असा तो संबंध होता.

आता कथेकडे वळू. वॉकर यांचा जन्म १९४४ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ‘द कलर पर्पल’ या कादंबरीला १९८३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हापासून त्यांचे नाव जगभर झाले. ही कथा त्याआधीच्या दशकातली. खेड्यात राहणारी आई ही कथा सांगते. तिला दोन मुली. थोरली डी, शिकलेली, देखणी, शहरात गेलेली; धाकटी मॅगी, घराला लागलेल्या आगीत होरपळलेली, बुजरी, आईजवळ राहिलेली. थोरली पुष्कळ दिवसांनी घरी येते ती नवे नाव आणि नवा पेहराव घेऊन. आईच्या पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या पेटीतून ती दोन गोधड्या काढते आणि मागते. त्यांत आजीच्या झग्यांचे, आजोबांच्या सदऱ्यांचे तुकडे आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात पणजोबांनी घातलेल्या गणवेशाचा एक इवलासा तुकडाही आहे. आई सांगते, या मी मॅगीला लग्नात देण्याचे कबूल केले आहे. थोरली संतापते. मॅगी यांची किंमत ओळखणार नाही, ती यांना रोज वापरील, पाच वर्षांत चिंध्या करील, असे तिचे म्हणणे. ती स्वतः त्या भिंतीवर लावणार असते. मॅगी दारात उभी राहून म्हणते, तिलाच घेऊ द्या. गोधड्या नसल्या तरी मला आजी आठवेल. हे ऐकल्यावर आई त्या गोधड्या थोरलीच्या हातातून ओढून मॅगीच्या मांडीवर टाकते. सामान्यतः या कथेचे तात्पर्य असे काढतात, की वारसा भिंतीवर नसतो, वापरात असतो. आपल्या बैठकीतही बहुतेकांनी तेच काढले.

हे तात्पर्य चुकीचे आहे असे नव्हे, पण ते अपुरे आहे. कथेत दोन जागा अशा आहेत की ज्यांवरून वाचकाची नजर सहज घसरते. पहिली जागा पेटीची. गोधड्या थोरलीच्या हाती लागतात त्या आईच्या पेटीतून! म्हणजे रोजच्या वापराचा कैवार घेणाऱ्या आईनेही इतकी वर्षे त्या जपूनच ठेवल्या होत्या, आणि हे ती स्वतः कबूलही करते. तेव्हा ठेवणे आणि वापरणे यांची सीमारेषा दोन बहिणींच्या मधून जाते असे म्हणणे बरोबर नाही. ती आईच्याच घरातून, आईच्याच मनातून जाते. दुसरी जागा याहून महत्त्वाची. गोधड्यांच्या चिंध्या होतील, या थोरलीच्या बोलण्याला आई जे उत्तर देते ते भावनेचे नाही, कारागिरीचे आहे. मॅगी दुसऱ्या शिवील, कारण तिला शिवता येते, असे ती सांगते. मॅगीला हे आजीने आणि मावशीने शिकवलेले आहे. सारी कथा या एका खिळ्यावर टांगलेली आहे. मॅगीला शिवता येत नसते तर आईचे म्हणणे टिकले नसते, आणि थोरलीचे म्हणणे, तिच्या साऱ्या मिजाशीसह, बरोबर ठरले असते.

येथेच आमचा कथेविषयी एक आक्षेपही नोंदवतो. लेखिकेने थोरलीला फार सोपे लक्ष्य केले आहे. तिची भाषा, तिचा पेहराव, कॅमेऱ्यातून घर टिपण्याची तिची हौस, हे सारे तिच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठीच आणलेले आहे. शिवाय कथा सांगणारी आई, त्यामुळे न्यायाधीश आणि साक्षीदार एकच. महाविद्यालयात जाताना एक गोधडी देऊ केली असता जुनाट म्हणून तिने नाकारली होती, हेही आपल्याला सांगितले जाते. आपल्या घरांत गोधडी मागणारी लेक किंवा सून अशी नसते. ती पुण्यास किंवा बंगळूरास दोन खोल्यांत राहते, वर्षातून एकदा येते, आणि तिच्याजवळ या घराचे काही म्हणून नसते. तिने गोधडी भिंतीवर लावली तर त्यात मिरवणे थोडे आणि आठवण धरून ठेवणे अधिक असते. अशा मुलीला डीच्या पंक्तीस बसवणे हा अन्याय होईल.

आणि ठेवणाऱ्यांचे ऋण जगाने विसरू नये. बंगालातील कांथा ही आपल्या गोधडीची बहीणच, तीच जुन्या साड्यांची, तोच धावदोरा. फक्त तिच्यावर हत्ती, पालख्या, फुले आणि माणसे काढलेली. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) नावाचे आयसीएस अधिकारी जिल्ह्याचा कारभार पाहता पाहता खेड्यापाड्यांतून अशा कांथा गोळा करीत. त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय कोलकात्याजवळ ठाकूरपुकुर येथे १९६३ साली लोकांस खुले झाले. जमाबंदी आणि फौजदारी कामातून ज्याला गोधडी दिसली असा अधिकारी विरळा. आम्ही स्वतः छत्तीस-सदतीस वर्षे त्याच जातीच्या फायली हाताळल्या, पण आमच्या नजरेस ती पडली नाही, हे कबूल केले पाहिजे. दत्तांनी त्या घेतल्या नसत्या तर बहुतेक कांथा लहान मुलांखाली सडून गेल्या असत्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे नदीच्या वळणावरचे कृष्णवर्णीयांचे खेडे आहे. तेथील बायकांच्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ साली प्रथम ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले; २००६ साली त्यांवर टपाल तिकिटे निघाली. त्याच खेड्यात जुन्या गोधड्या डास पळवण्यासाठी धूर म्हणून जाळीत असत. तेव्हा ‘वापर’ या शब्दाचे एक टोक चुलीपर्यंत जाते, हेही वापराच्या कैवाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

परंतु संग्रहालय ठेवते म्हणजे काय करते, हेही पाहिले पाहिजे. तेथे कापड मंद उजेडात असते, कारण उजेडाने रंग आणि सूत दोन्ही खचतात. पन्नास लक्सच्या आतला प्रकाश हा तेथला सर्वसाधारण दंडक आहे. कापड घडी घालून न ठेवता शक्यतो गुंडाळून ठेवतात, कारण घडीच्या रेषेवर धागा तुटतो. दमटपणा मोजतात, कीड पाहतात. हे सारे करावयास माणूस नेमलेला असतो. आपण घरी ‘जपून ठेवतो’ म्हणजे यांपैकी काय करतो? घडी घालतो, लोखंडी पेटीत टाकतो, चार डांबरगोळ्या टाकतो आणि विसरतो. याला जतन म्हणत नाहीत.

हे आम्ही इतक्या खात्रीने सांगतो, कारण आता ते गप्प राहण्याचे कारण सांगावयाचे आहे.

१९८५ च्या उन्हाळ्यात, आम्ही नुकते नोकरीत लागलो असता, आमच्या आईने दोन गोधड्या शिवल्या. एक आमच्यासाठी, एक सौसरला दिलेल्या आमच्या थोरल्या बहिणीसाठी. दोन्हींचा ऐवज एकाच गाठोड्यातला : आजीची दोन लुगडी, वडिलांची धोतरे, आमचे शाळेतले सदरे आणि आईच्या माहेरचे, वरुडकडचे, एक जांभळ्या काठाचे पातळ. आमची गोधडी आमच्याबरोबर तेरा वर्षे या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरली आणि रोज पांघरली गेली. १९९८ साली आई गेली. दिवस झाल्यावर आम्ही ती गोधडी धुऊन, घडी घालून पेटीत ठेवली. यापुढे ती वापरावयाची नाही असे आम्हीच ठरवले, आणि त्यात आपण आईचा मोठा मान राखला असे आम्हांस वाटले. त्यानंतर पाच बदल्या झाल्या. पेटी प्रत्येक वेळी ट्रकमध्ये चढली आणि उतरली. एका बंगल्यात तर दोन पावसाळे ती ओल आलेल्या भिंतीला टेकून होती. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा, २०२२ साली, चोवीस वर्षांनी ती उघडली. घड्यांच्या रेषांवर लुगडे चिरत गेले होते. पेटीचा गंज एका बाजूने उतरला होता. मधल्या थरांना कसर लागली होती. उचलली तेव्हा आमच्या हातात एक बाजू आली आणि दुसरी पेटीत राहिली. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता.

ताईची गोधडी त्या सगळ्या काळात तिच्या घरी रोज रात्री अंथरली जात होती. तिच्यावर तीन मुले आणि पाच नातवंडे वाढली. ती दर दोन-तीन महिन्यांनी धुतली गेली, कडूनिंबाखालच्या सावलीत वाळली, आणि विरली तेव्हा ताईने तिच्यावर दोनदा नवे पदर चढवले. ती आजही आहे. आमची पाहून ताई एवढेच म्हणाली, “बापू, आंगावर घेतली तं वाकय, पेटीत घातली तं बोचकं.”

येथे हा लेख संपवता आला असता, आणि वाचकांस एक सोयीचे तात्पर्यही मिळाले असते. पण प्रामाणिकपणे पाहता गोष्ट इतकी सरळ नाही. ताईची गोधडी आम्ही उलटून-पालटून पाहिली. तिच्यावर आईचा एकही टाका दिसत नाही. वरचे लुगडे ताईचे, खालचे तिच्या सुनेचे, टाके ताईचे. आईची गोधडी आत कोठे तरी आहे. हाताने दाबल्यावर जाड लागते, दिसत नाही. उलट आमच्या त्या फाटक्या गाठोड्यात आईचे टाके जसेच्या तसे आहेत : डावीकडे जरा कललेले, कोपऱ्याशी दोनदा घातलेले. मग आईची गोधडी कोणती म्हणावयाची? जिच्यात आईचा हात दिसतो पण जी पांघरता येत नाही ती, की जी पांघरता येते पण जिच्यात तो दिसत नाही ती? बैठकीतले दोन्ही पक्ष या प्रश्नापाशी आले असते तर कदाचित त्यांचा आवाज थोडा खाली आला असता.

आमचे उत्तर आम्ही कथेतल्या त्या दुसऱ्या जागेवरून काढतो. गोधडीत टिकवण्याजोग्या गोष्टी दोन असतात : एक कापड, दुसरा हात. कापड टिकवणे पेटीला जमते, तेही फार बेताने. हात टिकवणे पेटीला मुळीच जमत नाही. शिवता येणारी एक बाई घरात असेपर्यंत गोधडी रोज वापरावी, निर्धास्त वापरावी, कारण ती झिजणे हे पुढच्या शिवण्याचे निमित्त असते. ज्या घरात दोरा ओवणारे कोणी उरलेले नाही, त्या घरात मात्र वापर म्हणजे केवळ संपवणे होय. तेथे ठेवणाऱ्यास कोणी हसू नये. पण त्या घराने आपण काय ठेवले आहे याविषयी स्वतःची फसवणूकही करून घेऊ नये. त्यांनी एक नमुना ठेवला आहे, परंपरा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की हात टिकवणे आता आपल्या हाती कोठे आहे? आक्षेप खरा आहे. नऊवारी गेली आणि तिच्याबरोबर गोधडीला पुरेल एवढे सलग कापड गेले. त्यानंतर नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, मऊ होत नाहीत, घाम शोषत नाहीत. ज्या कापडाला म्हातारपणच येत नाही त्याची गोधडी कशी व्हावी? शिवाय तयार पांघरूण स्वस्त झाले. शहरांतल्या दुकानांत हल्ली हाती शिवलेल्या गोधड्या मिळतात आणि त्यांमुळे काही बायकांना मजुरी मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांत पुष्कळदा नवे कापड कापून ठिगळासारखे जोडलेले असते. ते ठिगळ कशावर लावलेले नसते. त्या गोधडीला घर असेल ते विकत घेतल्यानंतरचे, आधीचे नसते. तिची निंदा करण्याचे कारण नाही. मात्र ती घेतली म्हणजे आजीची उणीव भरली असे समजू नये.

हा विचार करताना एक समांतर गोष्ट आमच्या मनातून जात नाही आणि ती या पत्रिकेच्या वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. आपली घराणी या मुलखात कोणी भोसल्यांच्या अमदानीत आली, कोणी नंतर. नागपूर हीच राजधानी होती तोवर आपल्याला आपण दूर आहोत असे वाटले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ तिकडे गेला, सौसर-पांढुर्णा इकडे राहिले; २०२३ साली पांढुर्णा सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच आहे आणि ती तशी असणे स्वाभाविक आहे. आम्ही स्वतः आयुष्यभर हिंदीत टिपण्या लिहिल्या आणि त्याची आम्हांस खंत नाही. खंत आहे ती अशी, की घरातली मराठीही हळूहळू ठेवणीत जाऊ लागली आहे. लग्नपत्रिकेवर ती असते, गणपतीच्या आरतीत असते, आपल्या मंडळाच्या बैठकीत तर अगदी इस्त्री करून येते. पण नातवाला ताप आला की आजी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलते? आम्ही शुद्ध मराठीचा आग्रह धरून घरातल्या ‘वाकय’ला ‘वाकळ’ करीत बसलो, आणि मुले दोन्ही शब्द सोडून ‘रजाई’वर गेली. बोलीला हिंदीची ठिगळे लागतात याचे भय आम्हांस पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ठिगळ लावायला कोणी तरी बसले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांच्या घरी जुन्या गोधड्या आहेत त्यांनी आधी त्यांचे दोन भाग करावेत : ज्यांचे कापड अजून ताण सोसते त्या, आणि ज्यांचे सोसत नाही त्या. पहिल्या वापरात आणाव्यात. हाताने धुवाव्यात, कडक उन्हात तासन्‌तास टाकू नयेत, आणि फाटल्याबरोबर टाका घालावा, कारण आजचा एक टाका उद्याचे दहा वाचवतो. दुसऱ्या ठेवावयाच्या असल्या तर सुती कापडात गुंडाळून, लोखंडाला आणि भिंतीला न टेकवता ठेवाव्यात आणि वर्षातून दोनदा तरी उघडून पाहाव्यात. दोन्हींच्या बाबतीत एक काम आजच करावे : घरातली वडीलधारी बाई जवळ बसवून कोणते कापड कोणाचे, हे एका कागदावर लिहून घ्यावे. गोधडी ही एका घराची बखर आहे असे भाषणांतून म्हणतात; पण ती वाचणारी एकच बाई असते आणि तिच्याबरोबर ती लिपी जाते. आमच्या गोधडीतले जांभळ्या काठाचे पातळ वरुडकडचे, एवढे आम्हांस ठाऊक आहे. ते आईच्या आईचे की मावशीचे, हे विचारावयाचे राहिले.

आमच्या त्या गाठोड्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पुण्याहून सून आली होती. तिने त्यातला तुकडा चौकटीत बसवण्यासाठी मागितला आणि आम्ही आधी नाही म्हणालो. कात्री लावण्याची आमची तयारी नव्हती. महिनाभर ते गाठोडे ओसरीवर तसेच पडून होते. शेवटी गेल्या वैशाखात ताईच येऊन बसली. एका कोपऱ्याचा, दोनदा टाके घातलेला, वीतभर तुकडा तिने सुनेस दिला. कसर लागलेले झटकून टाकले. जे धड होते ते दोन जुन्या सुती पातळांच्या मध्ये पसरले आणि सुनेच्या हाती सुई दिली. ताईची नजर आता पोचत नाही. दोरा ओवून द्यायला आमची सात वर्षांची नात होती.

सुनेचे टाके लांब पडले आहेत. ते दोन-तीन पावसाळ्यांत उसवतील असे ताई म्हणते. मग पुन्हा घालावे लागतील. गोधडी सध्या आमच्या पलंगावर आहे.